मनी आणि मनी प्लांट

(रंगमंचावर एक स्टूल. एक गृहस्थ मनी प्लांटची कुंडी अंगापासून लांब धरून येतो, स्टुलावर ठेवतो अन् दोन पावलं मागे सरकतो.)

मी वर्ध्याचा. रामनगरात राहतो. घरात आम्ही तिघं: मी, बायको अन् मनी. मनी म्हणजे मांजर. घरात तिचा मान माह्यापेक्षा मोठा, पण ते दुखणं जुनं आहे.

आता वर्ध्याचा उन्हाळा तुमाले सांगायले नको. पारा ४५च्या वर गेला की सगळी दुनिया कूलरसमोर. बायकोनं मोबाइलवर पाहिलं, हॉलमध्ये झाडं ठेवली की थंड वाटते. झालं! पंधरा दिवसांत आमच्या हॉलचा बोर व्याघ्र प्रकल्प झाला. वाघाच्या जागी मनी.

पहिलं आलं हे मनी प्लांट. हे म्हणे विकत घ्यायचं नसते, चोरून आणलं तरच पैसा येते. म्हणून एका रात्री शेजारच्या काकूंच्या गॅलरीतून मी... (प्रेक्षकांत डोकावून) काकू नाही ना आल्या? मग आला डिफेनबॅकिया. नाव घेतानाच जीभ सुजते! तवाच समजायले पायजे होतं.

एका दुपारी पाहतो तं मनीच्या तोंडातून लाळेची धार. पंजानं तोंड खरवडून राहिली. मी ओरडलो, “अवं, मनीनं मनी खाल्लं!” प्लांट म्हणायचं घाईत राहून गेलं. बायको धावत आली ते थेट पर्स तपासायले.

तेवढ्यात गल्ली गोळा. एक म्हणते, मिठाचं पाणी पाजून ओकवा. दुसरा म्हणते, चिंचेचं पाणी पाजा. मांजरीले पाणी पाजायले तुम्ही कधी गेले का जी? (बाही वर करतो) माह्या हातावर सातबारा उमटला, सगळ्या फेरफारांसकट.

मनीले भाजीच्या पिशवीत घातलं अन् गेलो ढोरांच्या डॉक्टरकडे. माह्यापुढे एक गवळाऊ गोऱ्हा, मागे बकरी. मधात मी, पिशवी म्याँव करून राहिली.

“काय खाल्लं?”

“मनी प्लांट.”

“पान आणलं का?”

मी खिशातून खर्ऱ्याची पुडी काढून पुढं केली.

“झाडाचं पान हो!”

डॉक्टर म्हणाले, “अळू खाजते ना? तोच प्रकार. मनी प्लांट, डिफेनबॅकिया अन् अळू एकाच घराण्यातले. पानात कॅल्शियम ऑक्सॅलेटच्या बारीक सुया असतात. तुम्ही अळू शिजवता, चिंच घालता. ही कच्चं चावते. जीव सहसा जात नाही, पण तोंड सुजते. मनानं ओकवू नका, घसा पुन्हा सोलला जाईल. तोंड पाण्यानं धुवा अन् पान घेऊन इकडे या.”

मग हळूच इचारलं, “घरात लिलीचा गुच्छ तं नाही ना? लिलीचे परागकण अंगावर पडले अन् मांजरीनं ते चाटले, फुलदाणीतलं पाणी पेलं, तरी किडन्या जाऊ शकतात.”

मी म्हटलं, डॉक्टरसाहेब, लग्नाले २६ वर्षं झाली, आजवर एक फूल आणलं नाही. (छाती फुगवून) माह्या कंजूषपणानं एक जीव वाचला! हे बायकोले सांगितलं तं तिनं मनीचं सारं बिल माह्याकडून वसूल केलं. पैसा येते म्हणे मनी प्लांटानं. येते ना! डॉक्टरकडे येते.

आर्वीहून मामाजी आले. शेतकरी माणूस. हॉल पाहिला अन् म्हणाले, “जवाईबापू, पाण्यावाचून ताणलेल्या कोवळ्या ज्वारीत सायनाइड उतरते. ढोर तिकडे वळलं की आमचं शेंबडं पोट्टंही धावते. कण्हेरीची फांदी आम्ही गोठ्याजवळ टाकत नाही. अन् तुम्ही शिकले-सवरले माणसं विष विकत आणून त्याले रोज पाणी घालता?”

“विकत नाही मामाजी. चोरून.”

मग मी वेल छताले टांगला. खाली लोंबून राहिला. मनीले वाटलं, तिच्यासाठी झुला बांधला! त्याच दिवशी नर्सरीत गेलो. म्हटलं, बिनविषारी द्या. त्यानं दोन पाम दाखवले. एक अरेका, मांजरीनं चावला तरी बिनघोर. दुसरा सायकस. त्याच्या एक-दोन बियाही कुत्र्याचं लिव्हर निकामी करू शकतात. अन् तो सायकस मुळात पाम नाहीच! नर्सरीवाल्यासाठी दोन्ही पाम, दोन्ही हिरवे.

आता घरात अरेका आहे. बाकी राहिलं हे. (कुंडीकडे बोट) काकूले परत द्यायची हिंमत नाही, फेकायले बायको देत नाही. अन् चोरल्याशिवाय तं हे वाढत नाही. तवा असं करू. मी पाठ फिरवून उभा राहतो, कोणीतरी गुपचूप उचला. फक्त घरी मांजर-कुत्रं असेल त्यानं जागेवरून उठू नका जी.

(पाठ फिरवतो. अंधार.)