शीळफाट्याचे पाकन्यायालय : नव्या सभासदांसाठी नियमावली

कल्याण-शीळ रस्त्याने महापेला नोकरीसाठी जाणाऱ्या नवागतांच्या सोयीसाठी ही नियमावली प्रसिद्ध करण्यात येत आहे. कंपनीची बस काटई नाक्यापर्यंत बऱ्यापैकी पळते. तिथून पुढे दोन्ही बाजूंना कंटेनर, आणि शीळफाटा येईपर्यंत हाताशी भरपूर वेळ. या वेळात आदल्या रात्री ‘मास्टरशेफ’मधून ज्याला काढलं, त्याच्या खटल्याची फेरसुनावणी होते. रणवीर ब्रार आणि विकास खन्ना यांनी दिलेला असतो तो खालच्या कोर्टाचा निकाल.

कामकाजाचा मूळ नियम असा की पदार्थाविषयी बोलू नये. तो आपण चाखलेला नसतो, त्यामुळे त्यावर फार तर दोन मिनिटं बोलता येतं, आणि दोन मिनिटांत बस देसाई गावसुद्धा ओलांडत नाही. बोलावे ते वागण्यावर. शेजारच्याला मीठ देताना त्याने तोंड कसं केलं, ती रडली तेव्हा डोळ्यांत खरंच पाणी होतं का, एलिमिनेशनचा ब्लॅक एप्रन मैत्रिणीच्या गळ्यात पडल्यावर हिने मिठी मारली की नुसतीच हसली. ‘मला ती पहिल्या दिवसापासूनच आवडली नव्हती’ हा पुरावा सबळ धरला जातो.

जुनी वैरं सोबत आणावीत. 2025च्या सेलिब्रिटी पर्वात तेजस्वी प्रकाश, निक्की तांबोळी आणि अभिजीत सावंत होते, आणि तिघंही आधी कुठल्या ना कुठल्या ‘बिग बॉस’च्या घरात राहून आलेले. साहजिकच त्या घरात कोण कोणाशी कसं भांडलं, याचा हिशेब इथल्या कढईत चुकता होऊ लागला. एप्रिलमध्ये गौरव खन्ना जिंकला, निक्की दुसरी आली, तेजस्वी तिसरी. त्या आठवड्यात बसमध्ये मराठी माणसावरच्या अन्यायाची यादी पार रेल्वेभरतीपासून सुरू झाली. पुढे डिसेंबरमध्ये गौरवने ‘बिग बॉस’चं 19वं पर्वही जिंकलं. आता कुठला राग कुठल्या खात्यात टाकायचा हे आमच्या अकाउंट्सच्या काकांनाही सुचेना.

या काकांची ओळख इथेच करून द्यायला हवी, कारण हे न्यायालय त्यांच्यावाचून बसत नाही. खिडकीची जागा, मांडीवर डबा, डब्यात बारा महिने पोळी आणि बटाट्याची भाजी. घरी चहाची पूड कुठल्या डब्यात आहे हे त्यांना निवृत्तीपर्यंत तरी कळणार नाही. तरीही ‘प्लेटिंग’ हा शब्द ते दिवसातून जितक्या वेळा उच्चारतात तितक्या वेळा त्यांनी घरी ताट उचललं असतं, तर काकूंची कंबर दुखली नसती. असो.

त्याच पर्वात पंचाहत्तरी ओलांडलेल्या उषाताई नाडकर्णी होत्या. अर्ध्या बसच्या लेखी त्या ‘पवित्र रिश्ता’तल्या अर्चनाच्या सासूबाई. त्या बाहेर पडल्या तेव्हा दोन पक्ष झाले. एकाचं म्हणणं, वयाचा मान ठेवायला हवा होता. दुसऱ्याचं, ही स्पर्धा आहे की हळदीकुंकू? काका एरवी नियमावर बोट ठेवणारे. वेळ संपली म्हणजे हात वर, मग तो कोणी का असेना. त्या दिवशी ते गप्प होते. खूप वेळाने म्हणाले, ‘‘अहो, ती बाई बोलते ना, तशी आमची आत्या बोलायची. आणि जेवल्याशिवाय सोडायची नाही.’’ यावर विरुद्ध पक्षाने युक्तिवाद मागे घेतला.

या कार्यक्रमात प्रेक्षकांची मतं घेत नाहीत आणि भाग आधीच चित्रित झालेले असतात. हे बसमध्ये कोणाला सांगू नये.

परदेशी दाखले जवळ असावेत. 2018 साली ब्रिटनच्या ‘मास्टरशेफ’मध्ये मलेशियात जन्मलेल्या झलेहा यांनी नासी लमाकसोबत चिकन रेंदांग केलं. परीक्षक म्हणाले, कोंबडीचं साल कुरकुरीत नाही. रेंदांग म्हणजे नारळाच्या दुधात तासन्‌तास शिजवलेलं मांस. आपल्या मटणाच्या रश्श्याला ‘कडक का नाही’ विचारावं तशातला प्रकार. झलेहा बाहेर गेल्या आणि मलेशिया पेटला. पंतप्रधान नजीब रझाक यांनीसुद्धा त्यावर मत दिलं. पुढच्याच महिन्यात निवडणूक झाली आणि ते स्वतः एलिमिनेट झाले. मत देण्यापूर्वी हे लक्षात ठेवावं.

शाकाहाराचा विषय शक्यतो बस चालू असताना काढावा. आपल्याकडचं 2015चं अख्खं पर्व शाकाहारी होतं तेव्हा बरं होतं, सगळेच एकजात कुरकुरत होते. 2023मध्ये माशांच्या फेरीत शाकाहारी अरुणा विजय यांना पनीर दिलं गेलं आणि देशभर प्रेक्षक भडकले. आमच्याकडे तर माणसं जागा बदलून बसली. माझं मत विचाराल तर पनीर गरीब असतं, चार मिनिटं इकडेतिकडे झाली तरी बोलत नाही. सुरमई एक मिनिट जास्त राहिली की तिचा भुसा होतो. दोघांना एकाच परीक्षेला बसवायचं तर पनीरवाल्याला काहीतरी अडचण द्यायला हवी होती. पण म्हणून त्या बाईंना शिव्या कशाला? पनीर त्यांनी घरून नव्हतं आणलं.

खिडकाळीला चढणाऱ्या मावशींचं मत मात्र आवर्जून घ्यावं. त्या कार्यक्रम बघत नाहीत, मोबाइलवर कोणी दाखवला तर तेवढा बघतात. ‘‘ही सुकट भाजली नाय कोरडी, तशीच भिजवलीन. वास मारणार.’’ किंवा, ‘‘कोलंबी गोल वळली, आता काय रबर.’’ एवढंच. मग परीक्षक अडीच मिनिटं संगीत वाजवून, श्वास रोखून, तेच सांगतात. मावशींच्या डब्यातली तांदळाची भाकरी आणि बोंबलाचं सुकं निम्म्या बसने खाल्लं आहे. त्याला प्लेटिंग नाही, तो स्टीलचा डबा आहे. काकांनीही चाखून पाहिलं आणि डोळे मिटून म्हणाले, ‘‘बॅलन्स आहे.’’ मावशी म्हणाल्या, ‘‘मीठ हाय ते.’’

शिस्तभंगाची कारवाई एकाच गुन्ह्यासाठी होते. नवीन भाग रात्रीच ॲपवर पाहून येणारा आणि ज्यांचा राहिलाय त्यांच्यासमोर ‘कोण गेलं माहितीये का’ म्हणून सुरुवात करणारा सभासद बसमध्ये आढळल्यास त्याला मागच्या चाकावरची सीट द्यावी. त्याने तिथूनही ओरडून सांगितलं, तर काकांकडच्या बटाट्याच्या भाजीचा वाटा त्याच्या डब्यात टाकावा.