ढोलकीवाल्याने मत कसे बदलावे : एक शास्त्रशुद्ध मार्गदर्शिका

प्रत्येक भजनी मंडळात एक पेटीवाला असतो. त्याला पेटीबद्दल मत नसतं. टाळकऱ्यांना टाळांबद्दल मत नसतं. टाळ हरवले तर तेवढ्यापुरतं असतं. मत असतं ते ढोलकीवाल्याला, आणि तेही रोज ताजं. सोमवारी ज्या थापेवर तो डोळे मिटून मान डोलावतो, तिलाच मंगळवारी 'पत्र्याचा डबा' म्हणतो. लोक याला लहर म्हणतात. पण ही विद्या आहे आणि ती कमवावी लागते. अकोल्यातल्या एका गल्लीतल्या मंडळात बावीस वर्षं ढोलकी वाजवून, आणि सलग दोन संध्याकाळी एका मतावर न राहून, मी ती कमावली आहे. होतकरूंसाठी तिची कृती पुढे देत आहे.

साहित्य : कातड्याची ढोलकी एक. नट-बोल्टची असल्यास पाना. तो खिशातच ठेवावा, पिशवीत राहिला तर मत बदलायला उशीर होतो. पेटी एक, साक्षीदार म्हणून. कूलर एक. आणि "भाऊ, कालचीच ढोलकी हाय ना हे? मंग आज काऊन बोंबलून राह्यली?" असं विचारणारा एक माणूस. तो नसेल तर मत बदललं हे कळणार कुणाला?

पायरी १ : मे महिन्यात सुरुवात करा

नवशिक्याला मे सोपा जातो. अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या पुढे सरकला की हवेत ओलावा नावालाही उरत नाही. पुडी म्हणजे शेवटी कातडं. हवा कोरडी झाली की त्यातले तंतू आखडतात, पुडी ताणते, सूर चढतो. हवा दमट झाली की तेच तंतू पाणी पितात, सैलावतात आणि सूर उतरतो. एवढं शास्त्र पुरे.

आता ढोलकी ओसरीवर पेटीच्या काळी चारला लावा. चाट, म्हणजे बारीक आवाजाची बाजू, काचेसारखी वाजेल. मग भजनासाठी आतल्या खोलीत, ओल्या ताट्यांच्या कूलरसमोर बसा. बाहेर वाळवंट, आत श्रावण. मध्ये फक्त उंबरठा. अर्ध्या तासात ढोलकी पेटीच्या खाली घसरेल. पेटीचे सूर पितळेचे, त्यांना कूलरचं सोयरसुतक नाही.

कच्चा वादक इथे चुकतो. तो म्हणतो, "ढोलकी उतरली." मुरलेला वादक म्हणतो, "आज मला जरा ढालाच आवाज पाहिजे." हे या विद्येचं बीजवाक्य आहे : जे झालं, तेच आपल्याला हवं होतं.

श्रावणात हाच प्रयोग उलटा करावा. तेव्हा सगळं वऱ्हाडच कूलरसमोर बसलेलं असतं, म्हणून पुडी शेकून सूर चढवावा लागतो. पोळ्याला डफडेवाले काडीकचरा पेटवून डफडं शेकतात, एक थाप मारून पाहतात आणि निघतात. त्यांच्याकडून ही विद्या शिकता येत नाही. त्यांना फक्त आवाज हवा असतो, मत नाही.

पायरी २ : कणीक मळा

ज्यांच्याकडे पखवाज आहे त्यांना ऋतूचीही वाट पाहावी लागत नाही. त्यांचं मत परातीत तयार होतं. पखवाजाच्या डाव्या पुडीला दर वेळी ताजी कणीक लावतात. गोळा मोठा तर आवाज खोल, लहान तर उथळ. पीठ सैल मळलं तर आवाज एक, घट्ट मळलं तर दुसरा, आणि दोन तासांनी कडा सुकून तडकल्या की तिसरा. कणीक गव्हाचीच लागते. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या ज्वारीवर वाढलेले, पण ज्वारीच्या पिठाला चिकटपणा नाही, ते पुडीवर टिकत नाही. त्यामुळे भाकरीच्या घरातल्या पखवाजियाला आवाजासाठी पोळीवाल्या शेजाऱ्यांशी संबंध चांगले ठेवावे लागतात. कौंडण्यपूरहून पंढरीला निघालेल्या दिंडीत तर मुक्काम बदलला की पीठ बदलतं, मळणारा हात बदलतो. एवढ्या मुक्कामांत एकच मत टिकवणारा पखवाजी दाखवा, मी ढोलकी खाली ठेवतो.

उजव्या पुडीवरच्या शाईचं कोडं सी. व्ही. रामन यांनी उलगडलं. ताणलेल्या साध्या चामड्यातून निघणारे वरचे सूर एकमेकांशी जुळत नाहीत. मधोमध शाईचं वजन आलं की ते मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट अशा सरळ हिशेबात बसतात, म्हणून आपलं चर्मवाद्य नुसतं धडधडत नाही, गातं. यावरचा त्यांचा लेख १९२० साली 'नेचर'मध्ये आला. मृदंग गोड का लागतो हे त्यात आहे. तो बुधवारी गोड आणि गुरुवारी कडू का लागतो, हे त्यांनी आमच्यासाठी सोडलं.

पायरी ३ : कान दमवा

आतापर्यंत ढोलकी बदलत होती. आता ढोलकीला हात न लावता मत बदलायचं आहे. त्यासाठी अकोल्यासारखं गाव नाही. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी खांद्यावर घेऊन कावडी राजराजेश्वराकडे येतात. पालख्या, भरणे, आणि त्यांच्यापुढे ढोल. रस्त्याच्या कडेला चार तास उभे राहा. घरी येऊन तीच ढोलकी, त्याच जागी, त्याच सुरात वाजवा. चाट मेलेली वाटेल.

चाट मेलेली नाही. कानातल्या ज्या बारीक केसांच्या पेशी आवाज टिपतात त्या दमल्या आहेत, आणि दमताना वरच्या पट्टीचे आवाज आधी जातात. अमेरिकेतली एक सरकारी शिफारस सांगते की ८५ डेसिबलच्या आवाजात ८ तासांहून जास्त थांबू नये, आणि दर ३ डेसिबलला ही वेळ निम्मी करावी. म्हणजे १०० डेसिबलला पंधरा मिनिटं. आमचे ढोलवाले पंधरा मिनिटांत तर नुसती कंबर बांधतात.

मुरलेला वादक त्या रात्री पाना काढतो आणि चाट वर ताणतो. बुधवारी कान ताळ्यावर येतात, ढोलकी कर्कश लागते, आणि तो विचारतो, "हे कोणी ताणलं बे?" एका पान्यात दोन मतं. याहून काटकसर काय असते?

(हे वरचेवर केल्यास कान ताळ्यावर येणं बंद होतं. मग मत कायमचं एक होतं आणि ही मार्गदर्शिका आपल्या उपयोगाची राहत नाही.)

पायरी ४ : जागा आणि मोबाइल

दुपारी चारला रिकाम्या देवळात, फरशीवर बसून ढोलकी लावा. भिंती आवाज परत पाठवतात. थाप आभाळाएवढी वाटते. रात्री नऊला तिथेच तीनशे माणसं बसतात. माणसं आणि त्यांचे कपडे वरचे आवाज पिऊन टाकतात. ढोलकी एकदम गरीब होते. पेटीवाल्याला सांगावं, "दुपारचीच बरी होती." तो दुपारी आलेला नसतो, त्यामुळे वाद होत नाही.

मग भाच्याने मोबाइलवर घेतलेलं भजन मध्यरात्री, घरचे उठू नयेत इतक्या बारीक आवाजात ऐका. ढोलकीचा घुमारा गायब! निम्मा दोष मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरचा. उरलेला कानाचा. अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेतल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली दाखवून दिलं की आवाज बारीक केला की कानाला खर्जातलं सगळ्यात आधी कमी ऐकू येतं. म्हणून मोठ्याने वाजवताना जो घुमारा पोटात शिरतो, तो रात्री उशीशी हरवतो. आपण मात्र हे कुणाला सांगू नये. "बायाची बाजू बदलावी लागते" असं म्हणून झोपावं.

पायरी ५ : फायबर (फक्त प्रगत वादकांसाठी)

एवढ्यावर मंडळाने वर्गणी काढून मला फायबरच्या पुडीची ढोलकी घेऊन दिली. प्लॅस्टिकची पुडी काही नवी नाही. रेमो बेली यांच्या अमेरिकन कंपनीने १९५७ पासून मायलारच्या पुड्या विकायला काढल्या, त्या पावसात सैल पडत नाहीत म्हणूनच चालल्या. माझी नवी ढोलकीही कूलरला भ्यायली नाही, श्रावणाला भ्यायली नाही. आठवडाभर माझ्याकडे मतच नव्हतं. जेवण गोड लागेना.

मग एका वरातीत संदल वाजवणाऱ्यांच्या मागे दोन तास चालून मी भजनाला बसलो आणि पहिल्याच थापेला तोंड वाकडं केलं. पेटीवाले दादा म्हणाले, "भाऊ, आता तं कातडंबी नाई राह्यलं. आता कोणाले दोष देता?"

बावीस वर्षांत मला पहिल्यांदा उत्तर सुचलं नाही.

खबरदारी : वही ठेवू नये. हवा कशी होती, कुठे बसलो, बसण्याआधी काय ऐकलं, हे रोज लिहिलं तर प्रत्येक मताला कारण सापडतं, आणि कारण सापडलं की त्याला कुणी मत म्हणत नाही, हवामानाचा अंदाज म्हणतात.

शेवटचा इलाज : एवढं करूनही मत बदलेनासं झालं, तर गुरुकुंज मोझरीला जा. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज १९६८ साली गेले. दिवाळीआधीच्या त्यांच्या पुण्यतिथी महोत्सवात तिथे दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी मौन श्रद्धांजली असते. जिथून त्यांची खंजिरी साऱ्या महाराष्ट्रात गेली, तिथे तेवढा वेळ काहीच वाजत नाही. हजारो माणसं, आणि आपल्याला आपला श्वास ऐकू येतो. मी गेलो तेव्हा मौन सुटल्यावर गर्दीत कुठेतरी कुणीतरी खंजिरीवर पहिलं बोट टाकलं. चामडं, शेजारी झांजांची किणकिण, बस्स. मी ढोलकीवाला, खंजिरीला आजवर मोजलं नव्हतं. त्या क्षणी वाटलं की इतका नेमका आवाज आयुष्यात ऐकला नाही. घरी गेलो की ढोलकी विकायची, असं ठरवून टाकलं.

मग एसटीत बसलो. जागा मागच्या चाकावरची मिळाली, खिडकीची काच सैल होती, ती अमरावतीपर्यंत थडथडत राहिली. उतरलो तेव्हा विचार केला, झांजा जरा जास्तच किणकिणत होत्या.