उसने कान

डोळ्यांवर चढवलेल्या व्हीआर चष्म्यातल्या या थिएटरात शे-दीडशे खुर्च्या आहेत आणि प्रेक्षक मी एकटा. खुर्च्यांना लाल मखमल, पायऱ्यांच्या कडेला बारीक दिवे, भिंतींवर आवाज गिळणाऱ्या गाद्या. बाहेर पडायचं दारसुद्धा आहे, त्यावर तशी पाटी आहे, फक्त त्यातून बाहेर पडता येत नाही. कुणीतरी पगार घेऊन, मन लावून हे सगळं रंगवलेलं आहे. मला कोडं पडलं ते खुर्च्यांचं. जिथे दुसरं कुत्रंही फिरकणार नाही तिथे एवढी बैठकव्यवस्था कुणासाठी?

उत्तर निघालं डोळ्यांच्या हिशोबात. पडदा किती फुटी आहे हे डोळ्यांना थेट कळत नाही. त्याने नजरेतली किती जागा अडवली, एवढंच कळतं. नाकासमोर धरलेला मोबाइल आणि पन्नास फुटांवरचा चाळीस फुटी पडदा सारखीच जागा अडवतात. नुसत्या काळ्या पोकळीत पडदा टांगला तर मेंदू बुचकळ्यात पडतो. मधे खुर्च्यांच्या रांगा मांडल्या की त्या ओलांडता ओलांडता त्याची खात्री पटते, बापरे, केवढा हा पडदा! खुर्च्या बसायला नाहीतच, मापाला आहेत.

यात हवं तिथे बसता येतं, तेही फुकट. तरी मी दर वेळी बाल्कनीच पकडतो. ज्याची कॉलेजची वर्षं पिटात, मान वर करकरून गेली, त्याच्या हाती आयती बाल्कनी लागल्यावर तो दुसरं काय करणार?

पण खरी गंमत आवाजात आहे. आमच्या घरी एकदा पाच स्पीकर आणि एक धमधम करणारा डबा असं खरंखुरं होम थिएटर आलं होतं. मागचे दोन स्पीकर ठेवायला जागाच नव्हती, म्हणून एक कपाटावर चढला आणि दुसरा देव्हाऱ्याशेजारी बसला. हेलिकॉप्टर आलं की ते कपाटावरून उडून थेट देवांवर घिरट्या घालायचं. वायरी केरसुणीत अडकायच्या, आणि खालच्या मजल्यावरचे काका शांतपणे वर येऊन ‘सिनेमा संपला का?’ असं विचारून जायचे. चष्म्याच्या थिएटरात यातलं काही नाही. आवाज येतो तो दोन कानांशी लावलेल्या दोन चिमुकल्या स्पीकरांतून.

मग मागचं हेलिकॉप्टर मागूनच कसं येतं? उजवीकडचा आवाज उजव्या कानाला आधी गाठतो, डाव्याला फार तर मिलिसेकंदाच्या दोन-तृतीयांशाइतक्या उशिराने. वाटेत डोकं आडवं येतं, त्यामुळे डाव्या कानाला तो थोडा दबून पोचतो. डावं-उजवं एवढ्यावर भागतं. वर, खाली, पुढे, मागे हे मात्र बाहेरच्या कानाच्या वळ्या ठरवतात. त्यांच्या चढउतारांवर आदळून आवाजाचा पोत किंचित बदलतो, आणि जन्मापासून ते कान वापरून मेंदूला तो बदल तोंडपाठ झालेला असतो. संगणक हाच बदल आधी हिशोबाने करतो आणि मग आवाज कानात सोडतो. फसवणूकच, पण मोजूनमापून केलेली.

दोन कानांचा हा खेळ तसा जुना आहे. 1881 साली पॅरिसच्या विद्युत प्रदर्शनात क्लेमां आदेर यांनी ऑपेराच्या रंगमंचावर टेलिफोनचे ट्रान्समीटर मांडले होते, आणि लोक दोन कानांना दोन रिसीव्हर लावून गायक मंचावर कुठून कुठे सरकतो ते ऐकत होते. डोळ्यांवरचं प्रकरण मागाहून आलं. 1968 साली आयव्हन सदरलंड यांनी संगणकाचं चित्र दाखवणारं जे शिरस्त्राण केलं, त्याचा जामानिमा इतका जड होता की तो छताला टांगावा लागला. माझा चष्मा अर्ध्या किलोचा आहे. श्रीखंडाचा डबा कपाळावर बांधून सिनेमा बघावा तसं वाटतं, पण छत तरी शाबूत आहे.

आता मला आवडणारा भाग. या हिशोबासाठी कान लागतात, आणि ते माझे नसतात. माझ्या कानांची मापं घ्यायला कुणी आलेलं नाही. 1994 साली अमेरिकेतल्या एमआयटीत एका पुतळ्याच्या कानांत मायक्रोफोन बसवून, त्याच्याभोवतीच्या 710 जागांवरून आवाज सोडून नोंदी केल्या होत्या. सरासरी माणसाच्या मापाचा तो पुतळा. अशा नोंदी पुढे सगळ्यांच्या कामी आल्या. आमच्या घराण्यातले कान सरासरीत बसणारे नाहीत. आजोबांच्या फोटोत पगडीखालून पहिल्यांदा ते दिसतात, आजोबा नंतर. तेव्हा मी सिनेमा ऐकतो तो उसन्या कानांनी, आणि ते अधूनमधून पुढचं-मागचं गफलतीत टाकतात. खलनायक नायकाच्या पाठीमागून येतो, मला तो समोरून ऐकू येतो. नायक दचकतो, मी नाही.

सवयीने हेही जमत असावं. 1998 साली नेदरलंड्समधल्या संशोधकांनी काही जणांच्या कानांच्या खोलगट भागांत साचे बसवून त्यांच्या कानांचा आकारच बदलला. आवाज वरून आला की खालून, हे त्यांना कळेनासं झालं. काही आठवड्यांत पुन्हा कळू लागलं. साचे काढले तेव्हा जुन्या कानांची जाणही जागच्या जागी होती. एका डोक्यात दोन जोड कान नांदू शकतात, हे वाचून मला फार बरं वाटलं. संसारात एक जोड ऐकायला आणि एक जोड न ऐकायला असावा, असं मत मी बरेच दिवस बाळगून आहे.

आणि एवढी विद्या वापरून माणसाने केलं काय? ढग, रान, समुद्र, कुठेही आवाज ठेवता आला असता. आम्ही आधी एक काल्पनिक खोली बांधली, तिच्या काल्पनिक भिंतींवर काल्पनिक स्पीकर ठोकले, आणि त्यांतून आवाज काढला. कारण सिनेमाचा आवाज मुळात तसाच, स्पीकर धरून बेतलेला असतो. 1975 साली ‘शोले’ आला तेव्हा उडवलेलं नाणं पडल्याचा आवाज ऐकून लोक खुर्चीखाली वाकून बघायचे, असं जुने प्रेक्षक सांगतात. माझ्या चष्म्यातही खुर्चीखाली वाकून बघता येतं. तिथे जमीन आहे, स्वच्छ. पानाची एक पिंक नाही, फुटाण्याचं एक साल नाही. कारागिराने भारतातलं थिएटर पाहिलेलं नसावं.

बॅटरीही त्याने अमेरिकेच्या हिशोबाने बसवली आहे. दोन तासांच्या आसपास ती मान टाकते. त्यांचा सिनेमा तेवढ्यात आटपतो. आपल्या सिनेमात तेव्हा कुठे हरवलेला भाऊ सापडायला लागलेला असतो. मला याची तक्रार नाही. मध्यंतर हा आपला हक्क आहे, आणि तो मिळवायला चार्जरची वायर शोधावी लागली तर लागली.

अशा वेळी चष्मा काढला की समोर बायको उभी. किती वेळ उभी असेल, सांगता येत नाही. “अहो, तुम्ही एकटेच बसून हसता ते ठीक आहे, पण मघाशी कुणाला सरकून जागा दिलीत?”

तो भाचा होता. न्यू जर्सीत असतो. अशा थिएटरात दोघांना एकत्र बसता येतं हा शोध त्याचाच. आमच्याकडे शनिवारची रात्र, त्याच्याकडे शनिवारची सकाळ. शेजारच्या खुर्चीत त्याचं कंबरेपर्यंतचं चित्र येऊन बसतं. पाय नाहीत, त्यामुळे पुढच्या खुर्चीवर ते ठेवण्याचा प्रश्न मिटला. तोंड मात्र आहे. तो तिकडे चिप्स खातो आणि कुरकुर बरोबर माझ्या उजव्या कानात, डाव्याच्या कणभर आधी पोचते. शिवाय हा सिनेमा त्याने आधी बघितलेला असतो.

“मामा, हा मरतो बघ आता.”

मी बटण दाबून चार रांगा पुढे जाऊन बसलो. क्षणभर शांतता. मग समोरून, अगदी पडद्याच्या पोटातून आवाज आला, “मामा, तो नाही रे, त्याचा भाऊ!” नायक तर तोंड मिटून उभा होता. मी मान वळवली तसा आवाज हळूच आपल्या खऱ्या जागी, पाठीमागे गेला. तिथे भाचा बसला होता, माझ्या मागच्याच खुर्चीत, चिप्ससकट.