ऑईलचा काटा आणि पँटचा प्रश्न

जुन्या जीपवाल्यांत दोन पंथ आहेत, मेकॅनिकल मीटरवाले आणि इलेक्ट्रिकवाले. दोघांना एका टेबलावर चहाला बसवू नये. चहा गार होतो.

मुळात वेगळं मीटर हवंच कशाला? तर गाडीबरोबर येणारा लाल दिवा ऑईलचं प्रेशर पार तळाला गेल्यावर पेटतो. माणूस गेल्यावर उशाशी लावतात त्या दिव्याइतकाच त्याचा उपयोग. म्हणून काटा हवा.

आमचे मिस्त्री कडवे मेकॅनिकलवाले. "साहेब, हा काटा खोटं बोलत नाय!" खरंच आहे ते. आत एक वाकवलेली पितळी नळी असते. बूर्दाँ नावाच्या फ्रेंच गृहस्थाने १८४९ साली तिचं पेटंट घेतलं. तेलाचा दाब आत शिरला की नळी सरळ व्हायला बघते आणि काट्याला ओढते. बॅटरी नको, वायर नको. फक्त या सत्यकथनासाठी इंजिनातलं गरम तेल बारीक नळीतून थेट तुमच्या गुडघ्यापर्यंत आणावं लागतं. जोड जरा ढिला पडला, की इंजिनाची तब्येत काट्याआधी पँटवर उमटते.

"महायुद्धातल्या विलीज जीपला हेच मीटर होतं," मिस्त्रींनी ठणकावलं.

"युद्धात पँटी कोण धूत बसलं होतं?" आमच्या सौ.नी विचारलं. मिस्त्री पान्हे आवरू लागले.

पाण्याच्या तापमानाच्या मेकॅनिकल मीटरची तर आणखीच मिजास. त्याची नळी कायमची सीलबंद. कापता येत नाही, जोडता येत नाही. उरलेली डॅशबोर्डमागे वेटोळं करून ठेवायची, आणि ती कुठे मुडपली की मीटर भंगारात.

इलेक्ट्रिक मीटर सभ्य असतं. तेल बॉनेटखालीच राहतं, आत येते ती नुसती वायर. पण दाब ओळखून वायरीवरून कळवणाऱ्या इंजिनावरच्या सेंडरला बहुधा त्याच्या आट्यांतूनच अर्थिंग मिळतं. मिस्त्रींनी मायेने त्यावर टेफ्लॉनची टेप गुंडाळली, की काटा वाटेल ते बरळायला मोकळा. दुसऱ्याच मीटरचा सेंडर लावला, तरी तेच.

मी इलेक्ट्रिक घेतलं, सेंडर आणि मीटर एकाच खोक्यातले. सत्य थोडं कमी चाललं, तरी पँट स्वच्छ हवी.

पण पेट्रोलच्या प्रेशरचं मीटर लावायचं असेल, तर दोन्ही पंथांना हात जोडून सांगणं आहे: मेकॅनिकल घ्याल तर ते बॉनेटच्या बाजूलाच ठेवा. पेट्रोलची नळी गाडीच्या आत आणू नका.