तोंडावर बोट, संवादात श्रेष्ठ

2020च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने बजावले, की मुलांना नुसते पाठांतर नको; संवाद, सहकार्य, चिकित्सक विचार हवा. शाळांनी हे फारच मनावर घेतले. आमच्या ओळखीच्या एका शाळेत नववीसाठी 'सॉफ्ट स्किल्स' शिबिर झाले. पाहुणे संवादकौशल्यावर सलग दोन तास एकटेच बोलले. मुलांनी हाताची घडी, तोंडावर बोट ठेवून ऐकले. शेवटी एका मुलीने शंका विचारायला हात वर केला, तेव्हा "वेळ संपली, बाळ" असे सांगून तिला वेळेच्या नियोजनाचाही धडा देण्यात आला.

आपले एसएससी बोर्ड तर या बाबतीत जुने जाणते. दहावीच्या भाषांना तोंडीचे 20 गुण असत. 2019च्या परीक्षेत ते काढले आणि राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या 89.41 टक्क्यांवरून 77.10वर आला. ओरड झाली, पुढच्या वर्षीपासून गुण परत आले. तोंड न उघडताही तोंडीत विसापैकी अठरा मिळवणे, हे कौशल्य नाही तर काय?

सहकार्य पाहायचे तर प्रकल्पवही उघडा. एक मुलगी लिहिते, आई चित्रे चिकटवते, बाबा प्रिंट काढून आणतात आणि गटातले उरलेले चौघे नावे घालतात. पुढे कचेरीत हेच चालायचे असल्याने सराव वाया जात नाही.

मुलांनी बोलावे असे खरेच वाटत असेल, तर गुरुजनहो आणि पालकहो, रोज दहा मिनिटे आपण गप्प बसू या.