अल्बमांचा निर्णयसिंधू

काशीत स्थायिक झालेल्या भट्ट घराण्यातील कमलाकर भट्टांनी 1612 मध्ये ‘निर्णयसिंधू’ हा ग्रंथ सिद्ध केला आणि एकादशी दोन दिवसांत विभागली गेल्यास उपवास कोणत्या दिवशी करावा, येथपासून सुतक कोणाचे व किती दिवस पाळावे, येथपर्यंतच्या असंख्य प्रश्नांची सोय लावून दिली. परंतु वर्षातील सर्वोत्तम दहा अल्बम कसे ठरवावेत, या प्रश्नावर हा थोर ग्रंथ मौन पाळतो, आणि त्यामुळे दर डिसेंबरात जगभरातील संगीतरसिकांच्या एका पोटजातीवर स्वतःचे धर्मशास्त्र स्वतःच रचण्याची वेळ येते. ही पोटजात सर्वभक्षी असते. तिला केवळ ख्याल, केवळ जॅझ किंवा केवळ रॉक आवडून चालत नाही, कारण एकाच प्रकारच्या संगीतावर प्रेम करणे हे तिच्या मते प्रेम नसून सवय होय. ही यादी तिच्याकडे कोणीही मागितलेली नसते, हे या शास्त्राचे पहिले गृहीतक समजावे.

अल्बम म्हणजे एका नावाखाली, ठरावीक क्रमाने आणि सलग ऐकले जाण्याच्या अपेक्षेने प्रसिद्ध केलेला गाण्यांचा किंवा रचनांचा संच. मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-चार मिनिटांचेच संगीत मावत असे, म्हणून मोठी रचना अनेक तबकड्यांवर विभागून, पुठ्ठ्याच्या बांधणीत घालून विकावी लागे. 1948 साली कोलंबिया कंपनीने मिनिटाला 33⅓ फेरे घेणारी ‘लाँग प्ले’ तबकडी आणली, एका बाजूवर वीसेक मिनिटे मावू लागली, आणि दोन बाजू मिळून जे चाळीस-पंचेचाळीस मिनिटांचे माप तयार झाले ते कॅसेट आली, सीडी आली, सर्व काही फोनमध्ये शिरले तरी पुरते पुसले गेले नाही. तासाभराच्या यमनाला हे माप अर्थातच अपुरे पडते, आणि मैफल वर्षअखेरीपर्यंत जागेवर बसून राहत नाही. त्यामुळे ज्या रसिकाने वर्षातील सर्वांत चांगले गाणे एखाद्या सभागृहाच्या मागच्या रांगेत बसून ऐकले, त्याला ते यादीत कोठेच घालता येत नाही, ही या शास्त्रातील सर्वांत जुनी आणि सर्वांत दुर्लक्षित अडचण आहे.

यादीची चाल मात्र नवी नाही. रेडिओ सिलोनवर 1952 मध्ये सुरू झालेल्या बिनाका गीतमालेत अमीन सायानी बुधवारी रात्री गाण्यांना पायदानांवर चढवत आणि उतरवत असत, आणि पुढल्याच वर्षापासून वर्षाचा एकत्रित हिशेबही मांडला जाऊ लागला. पहिल्या पायदानावर कोणते गाणे येणार यावरून घराघरांत जे वाद होत, त्यांत गाण्याच्या गुणांपेक्षा वाद घालणाऱ्याच्या वयाचा भाग मोठा असे. अमेरिकेत ‘व्हिलेज व्हॉइस’ या साप्ताहिकाने समीक्षकांचा जो वार्षिक कौल घेतला, त्याची पद्धत गीतमालेहून किचकट होती: प्रत्येक समीक्षकाने दहा अल्बमांना मिळून 100 गुण वाटावयाचे, कोणालाही 5 पेक्षा कमी आणि 30 पेक्षा जास्त द्यावयाचे नाहीत. या नियमात मानवी स्वभावाची खोल जाण दिसते, कारण कमाल मर्यादा नसती तर निम्म्या समीक्षकांनी सर्व गुण एकाच लाडक्या अल्बमाला दिले असते, आणि किमान मर्यादा नसती तर उरलेल्या निम्म्यांनी केवळ मित्रांवर छाप पडावी म्हणून निवडलेल्या अल्बमांना प्रत्येकी एक गुण देऊन ते ऐकण्याचे टाळले असते.

या शास्त्राची खरी कसोटी पाहावयाची तर 2016 हे वर्ष घ्यावे. वर्षातील सर्वोत्तम अल्बम ठरवण्यासाठी दोन गोष्टी स्थिर लागतात, एक वर्ष आणि दुसरा अल्बम, आणि त्या वर्षी या दोहोंपैकी एकही जागेवर थांबावयास तयार नव्हता. आदल्या वर्षीच्या जुलैतच जगभर नवे अल्बम शुक्रवारी प्रसिद्ध करण्याचे ठरले होते. तोवर इंग्लंडात सोमवार आणि अमेरिकेत मंगळवार पाळला जात असे. त्यामुळे रसिकाला शुक्रवारचे व्रत लागले, आणि 2016 हे लीप वर्ष शुक्रवारीच सुरू झाल्याने त्यात 53 शुक्रवार पडले. प्रत्येक शुक्रवारी मध्यरात्री नव्या अल्बमांचे श्रवण करावे, शनिवारी मत बनवावे, रविवारी ते बदलावे आणि डिसेंबरात यादी करून उद्यापन करावे, असा हा विधी होता. परंतु कान्ये वेस्ट आणि रेडिओहेड यांनी आपले अल्बम रविवारी आणले, बियॉन्से आणि फ्रँक ओशन यांनी शनिवारी, आणि व्रतस्थ रसिकांची चूल पेटण्याआधीच इतरांची जेवणे उरकलेली असत.

पहिला पेच सुतकाचा पडला. रॉकगायक डेव्हिड बोवी यांचा ‘ब्लॅकस्टार’ हा अल्बम 8 जानेवारीला, म्हणजे त्यांच्या एकोणसत्तराव्या वाढदिवशी आला. त्यात रॉकच्या नेहमीच्या वादकांऐवजी सॅक्सोफोनवादक डॉनी मॅकॅस्लिन यांच्यासह न्यूयॉर्कमधील जॅझवादक होते, आणि शुक्रवारी व शनिवारी त्याची चर्चा एक चमत्कारिक, काहीसा दुर्बोध, पण धाडसी प्रयोग म्हणून झाली. 10 तारखेला बोवी कर्करोगाने गेले, हा आजार त्यांनी जगापासून लपवून ठेवलेला होता, आणि सोमवारी तीच सात गाणी निरोपाची म्हणून ऐकली जाऊ लागली. गाण्यात एक स्वरही बदललेला नव्हता. ज्यांनी शनिवारी ‘गोंधळलेला’ असा शेरा मारला होता त्यांनी सोमवारी तो कोठे लिहिला होता ते शोधून काढले आणि पुसून टाकला, आणि येथे शास्त्रकारापुढे प्रश्न उभा राहतो की यादीत अल्बमाला स्थान द्यावयाचे ते शनिवारच्या कानाने की सोमवारच्या. प्रस्तुत लेखकाचे मत सोमवारच्या कानाला अनुकूल आहे. कलावंताने मृत्यू जवळ असताना केलेली रचना त्या माहितीशिवाय ऐकणे अधिक प्रामाणिक असते असे जे म्हणतात, त्यांनी ही माहिती नसलेला श्रोता आता आणावयाचा कोठून, याचा विचार केलेला नसतो.

त्याच वर्षी हा पेच पुन्हा पडला. कवी-गायक लिओनर्ड कोहेन यांचा ‘यू वाँट इट डार्कर’ 21 ऑक्टोबरला आला आणि 7 नोव्हेंबरला ते गेले. शरीर थकलेले असल्याने हा अल्बम लॉस एंजेलिसमधील घरीच, खास वैद्यकीय खुर्चीत बसून गायला गेला, मुलगा अ‍ॅडम याने तो घडवला, आणि त्यात माँट्रियलमधील ज्या सिनेगॉगशी कोहेन घराण्याचे जुने नाते होते तेथील गायकवृंद ऐकू येतो. मुंबईकरांनी या माणसाला परका मानण्याचे कारण नाही, कारण गिरगावाजवळच्या खेतवाडीत विडीचे दुकान चालवून अद्वैत सांगणाऱ्या निसर्गदत्त महाराजांचे शिष्य आणि बँक ऑफ इंडियातील मोठ्या पदावरून निवृत्त झालेले रमेश बाळसेकर यांच्या दक्षिण मुंबईतील घरी कोहेन 1999 च्या सुमारास महिनोन्महिने येऊन बसत असत. निवृत्त बँक अधिकाऱ्याकडे जाऊन ‘कर्ता कोणीच नाही’ हे ऐकण्याची कल्पना अनेक खातेदारांना परिचित वाटेल; फरक इतकाच की कोहेन यांना त्यातून शांती मिळाली. मराठी रसिकाने आपल्या यादीत या अल्बमाला तिसरे स्थान दिले आणि टिपणात खेतवाडीचा उल्लेख केला, तर त्यावर कोणी आक्षेप घेऊ नये.

दुसरा पेच अधिक अवघड आहे, कारण त्यात अल्बमच पळून जातो. कान्ये वेस्ट यांच्या ‘द लाइफ ऑफ पाब्लो’ चे नाव प्रसिद्धीपूर्वी तीनदा तरी बदलले, न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये कपड्यांच्या प्रदर्शनासोबत तो हजारो लोकांना ऐकवण्यात आला तेव्हाही तो पुरा झालेला नव्हता, आणि 14 फेब्रुवारीला प्रसिद्ध झाल्यानंतरही त्यातील गाणी दुरुस्त होत राहिली; ‘वुल्व्ह्ज’ हे गाणे आपण नीट करणार आहोत असे कलावंताने जाहीरपणे सांगितले, केलेही, आणि जूनमध्ये एक संपूर्ण नवे गाणे जोडले. स्ट्रीमिंग, म्हणजे तबकडी विकत न घेता दूरच्या संगणकावरील ध्वनी हवा तेव्हा मागवून ऐकण्याची पद्धत, नसती तर हे शक्य झाले नसते, कारण छापलेल्या तबकडीतील चूक दुरुस्त करण्यासाठी कोणी दारोदार फिरत नाही. ज्या रसिकाने फेब्रुवारीत हा अल्बम चौथ्या क्रमांकावर टिपून ठेवला, त्याने डिसेंबरात नेमका कोणता ग्रंथ वाचला असे समजावे? पाठचिकित्सा, म्हणजे एकाच ग्रंथाच्या अनेक हस्तलिखितांतील फरक जुळवून मूळ पाठ ठरवण्याची विद्या, पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत महाभारतावर वापरली गेली आणि त्या कामाला काही दशके लागली. पाब्लोसाठी तेवढा वेळ कोणाकडे असल्याचे दिसत नाही.

फ्रँक ओशन यांनी तर एकाच अल्बमाची वाट पाहणाऱ्या जगाला लागोपाठ दोन दिले. 19 ऑगस्टला ‘एंडलेस’ आला, ज्यात गाण्यांसोबतच्या चित्रफितीत गायक स्वतः सुतारकाम करून जिना बांधताना दिसतो, आणि त्यामुळे ध्वनिमुद्रण कंपनीशी असलेला करार पुरा झाला. दुसऱ्याच दिवशी ‘ब्लाँड’ आला, तो त्यांच्या स्वतःच्या मालकीचा. भाडेकरूने घर सोडताना मालकाला जिना बांधून द्यावा आणि दिवाणखाना सोबत घेऊन जावा, असा हा कायदेशीर चातुर्याचा नमुना असून, यादीत मात्र जिन्याला कोणी स्थान देत नाही.

प्रकारांचा प्रश्न यानंतर येतो आणि तो केवळ भिडस्तपणाचा आहे. सर्वभक्षी रसिकाच्या यादीत मेटल, जॅझ, लोकगीत, हिपहॉप आणि त्याच्या ओळखीच्या कोणालाही न समजणाऱ्या भाषेतील एक अल्बम असावा लागतो, आणि हा शेवटला सहसा सातव्या स्थानी आढळतो, जेथे तो दिसतो पण त्याविषयी कोणी विचारत नाही. मेटल, म्हणजे विद्युत गिटारचा अतिविकृत आणि जड आवाज हाच पाया मानणारा रॉकचा प्रकार, याच्या उपशाखा ज्ञातीव्यवस्थेला लाजवतील इतक्या आहेत: वेगाने वाजवणारे थ्रॅश, मुद्दाम संथ वाजवणारे डूम, घशातून गुरगुरणारे डेथ, आणि परस्परांत रोटीबेटी व्यवहार नाही. मेटॅलिकाचा 77 मिनिटांचा दुहेरी अल्बम नोव्हेंबरात आठ वर्षांच्या खंडानंतर आला तेव्हा सर्वभक्षी रसिकाने मेटलचा प्रतिनिधी म्हणून तो घेतला, आणि खऱ्या मेटलभक्तांनी त्याला ‘नाव ठाऊक होते म्हणून घेतला’ असे सुनावले, जे खरेच होते.

जॅझमध्ये मात्र त्या वर्षी विनोदाला वाव न देणारे एक काम झाले. तुतारीच्या कुळातील ट्रंपेट वाजवणारे वाडाडा लिओ स्मिथ यांनी वयाच्या पंचाहत्तरीला टेकताना ‘अमेरिकाज नॅशनल पार्क्स’ हा दुहेरी अल्बम केला, आणि त्यात यलोस्टोनसारख्या सरकारी राष्ट्रीय उद्यानांच्या रांगेत न्यू ऑर्लिन्स शहर, मिसिसिपी नदी आणि कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या संगीताचा इतिहास लिहिणाऱ्या विदुषी आयलीन सदर्न यांनाही बसवले. एका इतिहासकार बाईंना राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा देण्याची ही कल्पना आपल्याकडेही विचारात घेण्यासारखी आहे. निदान तेथे प्रवेशशुल्क लावून बसण्यास बाके तरी ठेवता येतील. इंग्लिश लोकगीतांच्या गायिका शर्ली कॉलिन्स यांचा ‘लोडस्टार’ याच वर्षाचा. वैवाहिक आघातानंतर त्यांचा आवाज गाण्यापुरता हरपला, 1978 नंतर त्यांचा अल्बम आला नाही, आणि 38 वर्षांनी, एक्याऐंशीव्या वर्षी, ससेक्समधील स्वतःच्या छोट्या घरात ध्वनिमुद्रित केलेला हा अल्बम आला तो जाड, खर्जातल्या, नटवेपणाचा लवलेश नसलेल्या आवाजात. ज्या यादीत हा अल्बम पहिल्या पाचांत नाही ती यादी करणाऱ्याने तो ऐकलेला नाही, असे निःसंकोच समजावे.

उरला वर्षाचा प्रश्न. शालिवाहन शक पाडव्याला, सरकारी हिशेब 1 एप्रिलला आणि व्यापाऱ्यांची चोपडी दिवाळीत सुरू होते, तसे ग्रॅमी पारितोषिकांचे त्या फेरीपुरते वर्ष ऑक्टोबरात सुरू होऊन सप्टेंबरात संपले. परिणामी नोव्हेंबर 2015 मध्ये आलेल्या अडेल यांच्या ‘25’ ने फेब्रुवारी 2017 मध्ये बियॉन्से यांच्या ‘लेमोनेड’ ला हरवून वर्षातील सर्वोत्तम अल्बमाचे पारितोषिक घेतले, आणि अडेल यांनी व्यासपीठावरूनच ‘लेमोनेड’ ची थोरवी गाऊन परीक्षकांची पंचाईत केली. दुसऱ्या टोकाला रोलिंग स्टोन्स होते. त्यांचा जुन्या ब्लूज गाण्यांचा अल्बम अवघ्या तीन दिवसांत ध्वनिमुद्रित झाला आणि जवळजवळ वर्षभर कपाटात राहून 2 डिसेंबरला, म्हणजे अनेक नियतकालिकांच्या याद्या छापून झाल्यावर बाहेर पडला. डिसेंबरात येणाऱ्या अल्बमाला चालू वर्षात घ्यावे तर तो नीट ऐकलेला नसतो, पुढल्या वर्षात ढकलावे तर तोवर त्याचा कंटाळा आलेला असतो. यावर शास्त्राचा निर्णय असा की, गायक सत्तरीच्या पुढे असल्यास तो चालू वर्षातच धरावा.

महाराष्ट्रापुरता आणखी एक वाद राहतो. नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’ या चित्रपटासाठी अजय-अतुल यांनी केलेली गाणी अवघी चार, त्यांतील सिंफनी वाद्यवृंदाचे भाग हॉलिवूडमधील ध्वनिमुद्रणगृहात वाजवून घेतलेले, आणि व्हायोलिनांच्या त्या लाटांवर हलगीचा ठेका असा बसवलेला की, दोन्ही परंपरांच्या शुद्धतावाद्यांना एकाच वेळी नाचावे लागले. चार गाण्यांच्या संचाला अल्बम म्हणावे का, चित्रपटाच्या गाण्यांना स्वतंत्र कृती मानावे का, आणि गणपतीच्या मिरवणुकीत इच्छा नसताना कानावर पडलेल्या संगीताला ‘श्रवण’ ही संज्ञा लागू होते का, हे तिन्ही प्रश्न शास्त्रीय असून सर्वभक्षी रसिकाने ते पुरेशा गांभीर्याने हाताळले आणि ‘सैराट’ ला दहांच्या बाहेर, ‘विशेष उल्लेख’ या सदरात ठेवले. सातव्या स्थानावरील परभाषिक अल्बमातील एकही चाल त्याला गुणगुणता येत नसे, ही बाब त्याने यादीच्या टिपणात नोंदवलेली नाही.