यंदा जिल्हा मारायचाय

परभणीत जिंतूर रोड असो की वसमत रोड, दुकानांच्या डोक्यावरच्या कुठल्याही जिमचा जिना चढा, भाऊ तिथं असणारच. नाव विचारू नये. जिममध्ये सगळेच भाऊ. तरी खरा भाऊ चटकन ओळखू येतो. बाकीची पोरं आरशापुढं दंड फुगवून मोबाइल धरतात, हा आरशाकडं पाठ करून कोपऱ्यातल्या रॅकपाशी बसलेला. तळहाताला खडूची पूड, कमरेला चार बोटं रुंद चामडी पट्टा आणि पट्ट्याच्या वर-खाली मोकळेपणानं वावरणारं पोट. "बॉडीबिल्डरची बॉडी दाखवायला असते, आपली कामाला," असं तो म्हणतो. काम कोणतं, हे घरच्यांना अजून कळलेलं नाही.

भाऊ बारा महिने 'तयारीत' असतो. यंदा जिल्हा मारायचाय. जिल्हा मागच्या वर्षीही मारायचा होता, पण खांदा धरला. त्याच्या आधी चुलत बहिणीचं लग्न निघालं.

मूळचा तो पोलीस भरतीतला. मैदानी चाचणीच्या 50 गुणांपैकी गोळाफेकीचे 15 तो हसत घ्यायचा, पण 1600 मीटरचे 20 गुण कायम त्याच्या पुढं पळत राहिले. अशात कुणीतरी कानात सांगितलं की एक खेळ असा आहे, ज्यात पळावंच लागत नाही. वर सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण. भाऊनं पळायचे बूट धाकट्याला देऊन टाकले.

खेळ पावरलिफ्टिंगचा, सांगायला सोपा. स्क्वॉट, बेंच प्रेस, डेडलिफ्ट. प्रत्येकाच्या तीन संधी, त्यातला सर्वांत जड यशस्वी प्रयत्न धरायचा, तिन्हींची बेरीज म्हणजे टोटल. भाऊची टोटल दोनशे पानी वहीत असते आणि ती वही वाचण्यासारखी आहे. स्क्वॉट 180, असं तिच्यात लिहिलंय. नियमानं खाली बसताना कमरेजवळची मांडीची घडी गुडघ्याच्या माथ्याखाली जायला हवी. भाऊची घडी गुडघ्याला दुरूनच नमस्कार करून परत फिरते. त्याचे आजोबा ऐंशीच्या घरातले, ओट्यावर उकिडवे बसून तासभर सुपारी कातरतात. पंचांनी पाहिलं तर तिन्ही दिवे पांढरे लावतील. बेंच प्रेसचं तसंच. भाऊ आडवा, डोक्याशी उभा मित्र दोन्ही हातांनी रॉड वर ओढतोय आणि ओरडतोय, "अकेले का है भाई, अपना है!" दोघांनी उचललेले 120 किलो वहीत मात्र एकट्याच्या नावावर.

एकदा कुणाला तरी बुद्धी झाली आणि जिमच्या प्लेटा मोंढ्यात नेऊन काट्यावर घातल्या. 20 लिहिलेली प्लेट साडेअठरा भरली. काट्यावर गेलं की वजन कमी भरतं, हे परभणीच्या माणसाला नवं नाही. भाऊ काट्यालाच दोष देऊन परत आला. वहीत खाडाखोड झाली नाही.

खाण्याची तऱ्हा वेगळी. व्हेचा डबा परवडत नाही म्हणून अंडी, फुटाणे, शेंगदाणे. मी एकदा सांगितलं, आपल्या कृषी विद्यापीठानं 2018 साली जादा लोह आणि जस्त असलेलं एक वाण आणलंय, नाव 'परभणी शक्ती'. भाऊचे डोळे चमकले. "स्कूपमध्ये घ्यायचं का पाण्यात?" ज्वारी आहे म्हटल्यावर चेहरा पडला. भाकरी काय, घरीच आहे.

खरी परीक्षा वजनगटाची. भाऊला 83 किलोच्या गटात उतरायचं असतं आणि तो असतो 86. वरचा गट थेट 93 चा. तिथं, त्याच्या शब्दांत, राक्षस येतात. मग तीन किलो झडायला हवेत, नेमके लग्नसराईत. पंगतीत भाऊ बुंदीवर हात आडवा धरतो आणि सगळी पंगत थांबते. मावशी जवळ येऊन हळूच विचारते, "काय झालं रे माय, साखर निघाली काय?" संध्याकाळपर्यंत तीन घरांत बातमी.

पाहुण्यांचा दुसरा प्रश्न ठरलेला: "हे ऑलिम्पिकात असतंय का?" नसतं. ऑलिम्पिकातलं ते वेटलिफ्टिंग, डोक्यावर उचलायचं, हे पावरलिफ्टिंग. "म्हणजे मीराबाई चानूसारखंच की!" भाऊ डोळे मिटून घेतो. मीराबाईंनी टोकियोत रौप्य जिंकलं तेव्हा त्याला इतके अभिनंदनाचे फोन आले की आता तो फरक समजावतच नाही.

आजोबांना समजावणं त्याहून अवघड. या खेळाचा आंतरराष्ट्रीय महासंघ 1972 सालचा, हे भाऊला तोंडपाठ. पण 72 म्हटलं की आजोबांना दुष्काळच आठवतो, खडी फोडायचं काम आणि सुकडी.

"किती उचलतूस?"

"दोनशे किलो."

"उचलून कुठं नेतूस?"

"कुठंच नाही आबा. परत तिथंच ठेवायचं."

"आन् मजुरी?"

"उलट फी भरावी लागती."

आजोबांनी अडकित्ता थांबवला. "आमाला सुकडी तरी मिळायची लेका."

अखेर भाऊ जिल्हा स्पर्धेत उतरतो. खेळाची एक गंमत अशी की जिमची भाषा हिंदी, घरची मराठी आणि पंचांचे हुकूम इंग्रजी. स्क्वॉटचे दोन प्रयत्न उथळ म्हणून बाद. तिसऱ्यांदा वजनानंच त्याला खाली बसवलं, आणि कसा कोण जाणे, तो उठलाही. बेंचवर रॉड छातीवर स्थिर ठेवून 'प्रेस' ऐकेपर्यंत थांबायचं. जन्मात कुणाच्या सांगण्यावर न थांबलेला माणूस. पहिला प्रयत्न तिथंच गेला.

डेडलिफ्ट वेगळी. तिथं मदतीला कुणी उभं राहत नाही आणि वजन एकतर जमिनीवरून उठतं किंवा उठत नाही. भाऊबद्दल मला आदर वाटतो तो इथं. दोन प्रयत्न त्यानं नीट मारले. तिसऱ्याला 215 सांगितले, वहीतसुद्धा नसलेले. बनी तो बनी, नहीं तो परभणी! रॉड हलला, नडगी घासत गुडघ्यावर आला, मानेची शीर अंगठ्याएवढी फुगली. ज्यांना हरवायला तो आला होता तीच पोरं बोंबलत होती, "खिंच भाई, खिंच!" आणि भाऊ ताठ उभा राहिला. एवढ्यावर फक्त पंचांच्या 'डाऊन'ची वाट पाहायची होती. भाऊनं आनंदानं दोन्ही मुठी वर केल्या. मुठीत रॉड होता, हे त्याच्या ध्यानात राहिलं नाही. तिन्ही दिवे लाल.

तरीही आधीच्या प्रयत्नांवर टोटल लागली आणि भाऊ 83 किलो गटात जिल्ह्यात तिसरा आला. गटात एकूण किती होते, हे मी विचारलं नाही. व्यासपीठावर तिघं उभे होते आणि खाली कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चौकात फ्लेक्स लागला. अकरा शुभेच्छुकांचे फोटो, प्रत्येकाच्या डोळ्यावर गॉगल. त्यांच्या मधोमध भाऊचं मुंडकं भलत्याच धडावर बसवलेलं, आणि त्या धडानं वजन डोक्यावर धरलेलं. खाली ठळक अक्षरांत: 'वेटलिफ्टिंग स्पर्धेत घवघवीत यश.' भाऊ बराच वेळ बघत राहिला. मग गाडी आडवी लावून मला म्हणाला, "घ्या एक फोटो. पण अक्षरं कापून घ्या."